खुर्चीखालची जमीन

त्या वर्षी आभाळानं आमच्या भागाकडे पाठ केली ती केलीच. रानातली सॉल्टबुशची झुडपंसुद्धा राखेच्या रंगाची झाली. विटवरांच्या मेंढ्या चालायला लागल्या की खुरांखालून धूर निघावा तशी धूळ निघायची, आणि संध्याकाळ झाली तरी खाली बसायची नाही.

जॉयलीन पिकअपच्या मागच्या फाळक्यावर पाय सोडून बसली होती आणि पोत्यातून बार्लीची धार जमिनीवर सोडत होती. गाडी पहिल्या गियरात, बैलाच्या चालीनं. स्टिअरिंगवर तिचा सासरा एवाल्ड. नव्वदीला टेकलेल्या त्या म्हाताऱ्याकडे आता एवढंच काम उरलं होतं, चाक धरून बसायचं. तिचा नवरा लायल मागून चालत होता आणि बसलेली मेंढी दिसली की लोकरीला धरून उभी करत होता.

"ही बघ रे," जॉयलीन म्हणाली, "ही काल पण इथंच होती."

लायलनं मेंढीला उचललं. तिनं पुढचे पाय टेकले, मागचे टेकले, आणि ओल्या गोणपाटासारखी खाली आली. त्यानं पुन्हा उचललं. पुन्हा तेच. मग तो गाडीच्या खिडकीशी आला आणि सासऱ्या-सुनेपैकी कुणाकडेही न बघता सीटमागची बंदूक काढून घेऊन गेला.

आवाज झाला तेव्हा बाकीच्या मेंढ्यांनी बार्लीतून तोंडही वर केलं नाही.

"ट्रेलोरचं गवत घेतलं असतंस तर..." जॉयलीन एवढंच बोलली.

"ते नाव काढू नकोस."

"मी नावाचं नाही बोलत. गवताचं बोलते."

"त्या गवताला त्याच नावाचा वास येतो."

एवाल्ड चाक धरून समोर बघत राहिला.

गेल्या आठवड्यातलीच गोष्ट. शेजारच्या रानाचा मालक रॉस ट्रेलोर गवताचा ट्रक भरून स्वतः फाटकाशी आला होता. कुणी बोलावलं नव्हतं. म्हणाला, माझ्याकडे गेल्या साली पिकलं होतं, तुमची जनावरं रस्त्यावरून दिसतात, बघवत नाही. लायल फाटकावर दोन्ही हात टेकून उभा राहिला आणि कडी काढली नाही. "तुझ्या आजोबानं माझ्या आजोबाला पोलिसांच्या हाती दिलं," तो म्हणाला. "तुझ्या गवतावर माझी मेंढी जगायची नाही. मरू दे." रॉसनं ट्रक मागे घेतला. एवाल्ड तेव्हाही पिकअपमध्ये होता. काच खाली होती.

आमच्या नॉयथाल गावात ही गोष्ट शेंबड्या पोरालाही ठाऊक. जर्मनीशी लढाई चालू होती, तिच्या दुसऱ्या हिवाळ्यात पोलीस आले आणि एवाल्डच्या बापाला, गॉटलीब विटवरला, जेवत्या ताटावरून उठवून घेऊन गेले. का, तर म्हणे जर्मन. तीन पिढ्या इथल्या मातीत घाम गाळलेला माणूस! ट्रेलोरनं चुगली केली. गॉटलीब तारेच्या कुंपणाआड, छावणीत, छातीत कफ होऊन मेला. त्या दिवसापासून विटवर आणि ट्रेलोर एका दुकानात उभे राहिले नाहीत. आता चर्चच्या अंगणात एक शिळा उभी राहणार होती, विनादोष नेलेल्या माणसांची. पहिलं नाव गॉटलीबचं. येत्या रविवारी तिच्यावरचं कापड एवाल्डनं ओढायचं होतं. जॉयलीननं त्याचा काळा कोट वाऱ्यावर टाकून ठेवला होता.

त्या रात्रीच्या जेवणाला मेटवुर्स्ट या जर्मन सॉसेजचे काप, पाव आणि काकडीचं लोणचं होतं. लायल घास चावता चावता म्हणाला, "शनिवारी ती धातू शोधायच्या यंत्रांवाली मंडळी येतायत. शहरातला क्लब आहे. जुन्या घरापाशी शोधणार."

"काय शोधणार?" एवाल्डनं विचारलं.

"नाणी, बटणं, बकलं. जुनं काय सापडेल ते. दिवसाचे पैसे देतात, शिवाय सापडेल त्यातलं अर्धं आपलं. त्यातून गवत येईल."

"तिथं काही नाही."

"तीन भिंती आहेत आणि एक धुराडं. त्यांना तेवढंच लागतं, डॅड. त्यांचा म्होरक्या मर्व्ह म्हणतो, जुन्या घराच्या पायरीशी नेहमी काहीतरी पडलेलं असतं."

"मला विचारायचं होतंस."

लायल हसला. "तुमचं काय पडलंय तिथं?"

एवाल्डनं सुरी ताटाच्या कडेला ठेवली. त्याचं काय पडलं होतं ते त्या घरात त्याला एकट्यालाच ठाऊक होतं.

त्या हिवाळ्यात पोलिसांची गाडी टेकाडावर दिसली तेव्हा त्याची आई कणीक मळत होती. तसेच पिठाचे हात घेऊन ती आतल्या खोलीत गेली. बापाच्या रविवारच्या कोटाची कॉलर उलटी केली आणि मागे टोचलेला बिल्ला काढला. नाझी पक्षाचा बिल्ला. गावात त्यांच्या बैठका व्हायच्या, कुणाच्या तरी कोठारात, दारं लावून, आणि बाप तिथून यायचा तेव्हा त्याचे डोळे दारू न पिता तांबारलेले असायचे. आईनं बिल्ला तंबाखूच्या डबीत घातला, डबी एवाल्डच्या हातात दिली. "टाकीशेजारच्या क्विन्सच्या झाडाखाली. खोल पुर." तो परत आला तेव्हा तिनं त्याच्या नखांतली माती स्वतःच्या ओच्यानं पुसली आणि म्हणाली, "तुझ्या बापानं काही केलं नव्हतं. कुणी विचारलं तर हेच. कुणी नाही विचारलं तरी हेच." मग बापाला नेलं. मग आई पुन्हा कणकेशी उभी राहिली, आणि जी भाषा आता घरात बोलायची नव्हती त्या भाषेत हळूच गुणगुणली:

मळते मी पीठ, माझ्या पिठात ओले हात
लाव रे लेकरा दार, वारा शिरतो घरात

एवाल्डनं दार लावलं. ते लागलेलंच राहिलं.

गुरुवारी दुपारी लायल पाण्याचा पाइप बघायला गेला तशी म्हाताऱ्यानं शेडमधली पहार घेतली आणि काठीसारखी टेकत टेकत जुन्या घराकडे निघाला. क्विन्सचं झाड केव्हाच वाळलं होतं, गुडघ्याएवढा बुंधा उरला होता. त्यानं पहार उचलून मारली. ठण्ण. दगडावर मारावी तशी परत आली आणि मनगटापासून खांद्यापर्यंत कळ गेली. पावसाविना ती जमीन भाजलेल्या विटेसारखी झाली होती. पुन्हा मारली. बोटभर खळगा पडला. तिसऱ्यांदा पहार उचलली ती त्यालाच घेऊन आडवी झाली.

जॉयलीनला तो सापडला तेव्हा पालथा पडून एका हातानं माती उकरत होता.

"ओपा! अहो काय हे?" मुलं लहान असताना त्याला ओपा, म्हणजे आजोबा, म्हणायची, तेच तिच्या तोंडी राहिलं होतं. "या दुष्काळात झाड लावताय?"

"मुळी काढत होतो."

"कशाला?"

"जळणाला."

तिनं त्याच्या काखेत हात घालून त्याला बसवलं, कपाळावरचं रक्त थुंकी लावलेल्या रुमालानं टिपलं. "घरात ढीगभर लाकूड आहे. लायलला सांगू नका हं, तो पहारीला कुलूप लावेल." आणि ती हसली. इतकी वर्षं त्याची नखं कापणारी, पाठ चोळणारी ही बाई. तिला सांगावं असं त्याच्या ओठांपर्यंत आलं. ओठ धुळीनं चिकटले होते.

शनिवारी सकाळी क्लबाच्या गाड्या आल्या. बहुतेक निवृत्त माणसं, मोठ्या कडांच्या टोप्या, गुडघ्यांना पट्टे. कानांवर हेडफोन घालून, काठीच्या टोकाची चकती जमिनीवरून डावी-उजवी फिरवत ती चालू लागली. दुरून वाटावं, आंधळी माणसं वाट चाचपडतायत.

एवाल्डनं आपली घडीची खुर्ची आणली होती. ती त्यानं क्विन्सच्या बुंध्याला लावून मांडली, बरोबर त्या खळग्यावर, आणि बसला.

मर्व्ह जवळ आला. पोट सुटलेला, बोलका गडी. "आजोबा, तुम्ही इथं जन्मलात म्हणे! मग सांगा, पोरं कुठं खेळायची? कपडे कुठं वाळत घालायचे? खिशातली नाणी तिथंच पडतात."

एवाल्डनं काठीनं लांब, ओढ्यापलीकडे दाखवलं. "तिकडे."

"एवढ्या लांब?"

"आम्ही लांबच खेळायचो."

सगळी मंडळी तिकडे गेली. उन्हात वाकवाकून खणलं. गंजलेले खिळे, डब्यांची झाकणं, मेंढ्यांच्या औषधाचा फुटकं पिंप. परत आली तेव्हा मर्व्ह घामानं निथळत होता.

"म्हाताऱ्यानं आपल्याला उकिरड्यात पाठवलं रे!"

सगळे हसले. लायलही हसला. "मिश्कील आहेत आमचे डॅड."

मग ते घराशी आले. पायरीखाली तांब्याच्या पेन्या निघाल्या, राजाचा चेहरा झिजलेल्या. घोड्याच्या साजाची पितळी कडी निघाली, लहान मुलाच्या बुटाचं बकल निघालं. प्रत्येक बीपला कुणीतरी गुडघ्यावर बसायचं, हातखुरप्यानं मातीचं झाकण उचलायचं, वस्तू काढली की झाकण तसंच बसवून पायानं दाबायचं. सापडेल ते चादरीवर आणून ठेवायचं, आणि बंद काही सापडलं तर मालकासमोरच उघडायचं, असा त्यांचा नियम होता. चादर भरत चालली तसा लायलचा चेहरा उजळत गेला. कित्येक दिवसांनी तो मोठ्यानं बोलत होता.

"याच दारातून नेलं माझ्या आजोबांना," तो सांगत होता. "अर्धी भाकरी ताटात राहिली. का, तर आडनाव विटवर. आणि कुणी सांगितलं, तर त्या पलीकडच्या टेकाडावरच्यानं."

मंडळींनी टोप्या काढल्या. ग्लेनिस नावाची एक माजी नर्स होती, पांढऱ्या केसांची, हळुवार. तिनं डोळे टिपले. थर्मासमधला चहा घेऊन ती एवाल्डकडे आली.

"तुमच्यासमोरच झालं ना सगळं? घ्या, दोन घोट."

"नको."

"माझ्यासाठी."

पाहुण्या बाईला दोनदा नाही कसं म्हणायचं? त्यानं चहा घेतला. मोठा कप होता. तिनं पुन्हा भरला.

सूर्य डोक्यावर आला. मर्व्ह म्हणाला, "आजोबा, खुर्ची थोडी हलवता का? अ‍ॅल्युमिनियमची आहे, आमची यंत्रं बोंबलतात."

"नाही हलवत."

"सावली तिकडे आहे हो."

"मला ऊन मानवतं."

"खजिन्यावर नागोबा बसलाय!" कुणीतरी म्हणालं आणि पुन्हा हशा झाला. एवाल्डही तोंड वाकडं करून हसला. मांड्या मात्र त्यानं घट्ट आवळल्या होत्या. चहा खाली उतरला होता. शंभर पावलांवर झुडूप होतं, पण शंभर पावलं म्हणजे खुर्ची रिकामी. त्यानं काठीची मूठ दाबली. नखं पांढरी पडली. एक माशी ओठावर बसली ती त्यानं उडवली नाही. हललं की सुटेल अशी भीती. यंत्रं जवळ यायची, बीप करायची, लांब जायची. मग मांडीवरून ऊबदार काहीतरी वाहिलं, पायमोज्यात उतरलं, आणि खुर्चीखालची तहानलेली जमीन ते क्षणात पिऊन गेली.

तो तसाच बसून राहिला. कुणाचं लक्ष नव्हतं. ओल्या विजारीवर त्यानं टोपी ठेवली.

जॉयलीन जेवणाची टोपली घेऊन आली आणि तिला दुरूनच कळलं. टोपलीवरचं कापड काढून तिनं त्याच्या मांडीवर टाकलं, खाली वाकून कानाशी म्हणाली, "ओपा, चला. गाडीत लायलची विजार आहे. कुणाला कळायचं नाही."

"मी इथंच बसतो."

"असं ओल्यात? साल निघेल मांड्यांची."

"जॉयलीन, मला उठवू नकोस." तो पोरासारखा म्हणाला. "तुझ्या पाया पडतो."

तिला वाटलं, लाज वाटतेय त्याला. "मी आहे ना," ती म्हणाली, आणि ज्या ताकदीनं ती पडलेल्या मेंढ्या उचलायची त्याच ताकदीनं तिनं त्याला उचललं, अंगाशी धरलं. जाता जाता दुसऱ्या हातानं खुर्ची मिटून काखेत मारली, ओली बैठक लोकांना दिसू नये म्हणून.

गाडीच्या दाराआड ती त्याचे पायमोजे काढत होती तेव्हा क्विन्सच्या बुंध्याशी यंत्र वाजलं. लांब, स्वच्छ, एकसुरी. एवाल्डनं तिच्या खांद्यावरची पकड एवढी आवळली की ती वर बघायला लागली.

"काय झालं?"

तो बघत होता तिकडे ग्लेनिस गुडघे टेकत होती. त्यानं गुरुवारी पाडलेल्या खळग्यातूनच तिचं खुरपं आत गेलं. मग तिनं कुणाची तरी कुदळ मागितली.

डबी चादरीवर आली तेव्हा जॉयलीन म्हाताऱ्याला धरून तिथं पोहोचली होती. लायलची विजार त्याच्या अंगावर लोंबत होती, पायाशी दुमडलेली. डबीचं झाकण गंजानं चिकटलं होतं. मर्व्हनं चाकूचं टोक फिरवलं. आत मेणकापडाचा चुरा, आणि त्यात बिल्ला. मर्व्हनं अंगठा ओला करून पुसला. लाल कडं, पांढरा गोल, मधे तो काळा, वाकड्या हातांचा क्रूस. काल केल्यासारखा.

मग मागून एकाला राहवलं नाही. "अस्सल आहे! याला गिऱ्हाईक कसं असतं माहीत आहे?"

"गप रे," मर्व्ह म्हणाला.

लायलनं बिल्ला उचलला. उलटा केला, सुलटा केला. मग एकदम त्याचा चेहरा खुलला.

"ट्रेलोर!" तो म्हणाला. "कळलं का? त्यानंच आणून पुरलं! पोलिसांना सापडावं म्हणून! माझ्या आजोबावर आळ यावा म्हणून!"

"असेल, असेल," मंडळींनी एकदम उचलून धरलं. ग्लेनिस म्हणाली, "नक्की तसंच असणार."

"उद्या चर्चमध्ये सगळ्यांपुढे धरतो हे. रॉसच्या नाकापुढे धरतो. डॅड, बघितलंत? आपल्या झाडाखाली, आपल्याच!"

एवाल्डनं नुसती मान हलवायची होती. एवढंच. आईनं लावायला सांगितलेलं दार लायल आपल्या हातानं पुन्हा लावत होता. म्हाताऱ्यानं लायलच्या तोंडाकडे बघितलं. इतकं सुखी तोंड त्यानं पोराचं पोरपणीसुद्धा पाहिलं नव्हतं.

"मी पुरलं," तो म्हणाला.

"काय?"

"मी पुरलं ते. आईनं दिलं. त्याच्या कोटावर होतं."

वाऱ्यानं चादरीचं टोक उलटलं. कुणी ते नीट केलं नाही.

"कुणाच्या कोटावर?" लायलनं विचारलं, उत्तर ठाऊक असल्यासारखं हळू.

"बाबांच्या. कॉलरच्या मागे."

"म्हणजे ट्रेलोर खोटं नव्हता बोलला."

"मी लहान होतो, लायल."

"तेव्हा लहान होतात." लायल जवळ आला. त्याचा आवाज अजून खालीच होता, म्हणून जास्त लागत होता. "गेल्या आठवड्यात नव्हतात. मी फाटक धरून उभा होतो. काच खाली होती. तुम्ही ऐकत होता. आणि आज सकाळी, कालच्या सकाळी, रोज, मी बंदूक घ्यायला खिडकीशी येतो आणि तुम्ही समोर बघत बसता."

दुमडलेल्या विजारीचा एक पाय सुटून धुळीत लोळत होता. जॉयलीन खाली बसून तो पुन्हा दुमडायला लागली, आणि मधेच थांबली. विजार तशीच सोडून ती उठली आणि टोपलीकडे गेली.

क्लबाची मंडळी लवकर निघाली. ग्लेनिसनं खड्डा बुजवला, त्यांच्या नियमाप्रमाणे मातीचं झाकण बसवलं, पायानं दाबलं.

रविवारी घंटा झाली तेव्हा काळा कोट खुंटीलाच होता. लायल बापाच्या खोलीच्या दारात आला, अंगावर कामाचेच कपडे. "गाडीत बसा."

"चर्चला?"

"ट्रेलोरकडे."

रॉस ट्रेलोर शेडमध्ये ट्रॅक्टरखाली पडला होता. गाडी बघून बाहेर आला, हात चिंधीला पुसत. जवळ आला नाही.

एवाल्ड खाली उतरला. गाडीच्या दाराला धरून उभा राहिला. "रॉस, माझा बाप त्यांच्यातलाच होता. बिल्ला मी पुरला होता. तुझ्या आजोबानं खोटं सांगितलं नाही."

रॉसनं चिंधीची घडी घातली. "ठाऊक आहे."

"काय ठाऊक आहे?" लायल म्हणाला.

"मेंढ्यांच्या लिलावात गॉटलीबनं कोट काढला तेव्हा आजोबांनी कॉलर पाहिली होती. पाहिली तेवढंच सांगितलं. पुढं तो माणूस तिकडेच मेला, आणि आजोबांनी घरात ताकीद दिली की आता ब्र काढायचा नाही. तिकडे बाई एकटी आहे, पोरं आहेत."

"शाळेत मी तुझा दात पाडला."

"पाडलास."

"तेव्हा तरी बोलायचंस!"

"आणि खरं कुणाला वाटलं असतं?" रॉस म्हणाला. आता त्याच्या आवाजाला धार आली. "सगळं गाव तुमचं होतं. आजोबा दुकानात गेले की माणसं बाहेर पडायची. म्हातारपणी ते रानातच बसून राहायचे, माणूस नको म्हणायचे. आजीच्या प्रेताला खांदा द्यायला घरचेच चौघे होतो. आणि तुमच्यासाठी गावानं शिळा आणली."

एवाल्डनं मान खाली घातली. लायलनं विचारलं, "ते गवत..."

"ते गेलं. तुझ्या फाटकावरून निघालो तो थेट दुसऱ्याच्या रानात उतरवलं. त्याच्या मेंढ्या उभ्या आहेत अजून."

शेडमध्ये चिमण्या भांडत होत्या. रॉसनं अंगठ्यानं मागे दाखवलं. "थोडे गठ्ठे आहेत कोपऱ्यात. जुने आहेत, उंदरांनी खाल्लेले. हवे असतील तर घेऊन जा."

लायलनं गाडी मागे लावली. दोघांनी गठ्ठे उचलायला सुरुवात केली, लायल आणि रॉस, एकमेकांकडे न बघता. सुतळीत बोटं घालायची, गुडघ्याचा रेटा द्यायचा, वर फेकायचं. जुन्या गवताचा धुरळा उन्हाच्या तिरिपीत तरंगत राहिला.

एवाल्डनं काठी भिंतीला टेकवली. तोही एका गठ्ठ्यापाशी वाकला, सुतळीखाली बोटं घातली आणि ओढलं. गठ्ठा हलला नाही. त्यानं पाय फाकवले, पुन्हा ओढलं. सुतळी बोटांत रुतली, पाठीतून कळ गेली, डोळ्यांपुढे काळं आलं. गठ्ठा एका कडेवर उचलला गेला आणि परत बसला.

त्या दोघांनीही बघितलं होतं. ते त्याच्या डावीकडून जात होते, उजवीकडून जात होते, बाकीचे गठ्ठे वाहत होते. म्हाताऱ्यानं पुन्हा ओढलं, आणि पुन्हा ओढलं, आणि राहू द्या असं त्याला कुणीच म्हणालं नाही.